वेगवान खेळांचे छायाचित्रण

झाशी म्हणताच मराठी वाचकाला राणी लक्ष्मीबाईंचे स्मरण होते. हॉकीच्या जगात मात्र हे शहर ध्यानचंद यांचे म्हणून ओळखले जाते. १९३३ साली कलकत्त्याचा बेटन चषक जिंकणाऱ्या ‘झाशी हिरोज’ संघातून ते खेळले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. डिसेंबर १९७९ मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेही झाशीच्या हिरोज मैदानावरच. वेगाने हलणाऱ्या विषयाचे छायाचित्र कसे घ्यावे, हे पाहण्यासाठी आपण झाशीतील अशाच एका मैदानाच्या कडेला उभे आहोत, असे समजू.

जोराने टोलविलेला चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने जातो असे धरल्यास एका सेकंदात तो सुमारे २८ मीटर अंतर कापतो. कॅमेऱ्याचे शटर १/६० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात चेंडू ४६ सेंटिमीटर पुढे सरकतो आणि चित्रात त्याची केवळ एक पुसट रेघ उमटते. १/१००० सेकंदात तो जेमतेम तीन सेंटिमीटर सरकतो. चेंडूचा व्यास सुमारे सात सेंटिमीटर असल्यामुळे त्याचा आकार आता ओळखू येतो. खेळाडू कॅमेऱ्यासमोरून आडवा धावत असेल, तर त्याची प्रतिमा अधिक सरकते. तो सरळ आपल्याकडे येत असेल, तर कमी. म्हणून आडव्या धावेसाठी शटरचा वेग अधिक ठेवावा लागतो.

यावरून शटर जलद असले की काम झाले, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नाही. डोळ्यांनी पाहणे आणि बोटाने कळ दाबणे यांत सुमारे एक पंचमांश सेकंद जातो आणि तेवढ्या अवधीत आपला चेंडू साडेपाच मीटर दूर गेलेला असतो. तात्पर्य, जो क्षण आपण पाहिला तो निसटलेला असतो. छायाचित्र घ्यावयाचे असते ते पुढच्या क्षणाचे. आणि तो कोठे येणार हे कॅमेरा सांगत नाही, खेळाचे ज्ञान सांगते.

बर्फावरील घसरण्याच्या शर्यतींचे छायाचित्रकार ही अडचण सोप्या रीतीने दूर करतात. स्पर्धकाला ठरावीक खांबांना वळसा घालूनच उतरावे लागते. म्हणून ते एक वळण निवडतात, तेथील बर्फावर भिंग आधीच केंद्रित करून ठेवतात आणि स्पर्धक तेथे पोहोचण्याच्या किंचित आधी कळ दाबतात. हॉकीत असे खांब नसतात. तरीही मैदानी गोल करावयाचा तर चेंडू गोलासमोरील १४.६३ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाकार क्षेत्रातूनच मारावा लागतो. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी तर चेंडू कोठून निघेल व कोठे अडविला जाईल, हे बव्हंशी आधीच ठरलेले असते. सुरुवात तेथूनच करावी. मागच्या रेषेपलीकडे, गोलाच्या एका बाजूस, सुरक्षित अंतरावर उभे राहिल्यास चढाई करणाऱ्यांचे चेहरेही मिळतात.

प्रकाशाचा हिशेबही ध्यानात ठेवावा. १/६० च्या तुलनेत १/१००० सेकंदात फक्त एक सोळांश प्रकाश आत येतो. सायंकाळी ही तूट भरून काढण्यासाठी भिंगाचे छिद्र मोठे करावे लागते. त्यामुळे सुस्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो आणि केंद्रीकरणातील लहानशी चूकही लपत नाही. प्रकाश फारच कमी असेल, तर शटर मंद ठेवून खेळाडूच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवीत न्यावा आणि फिरवीत असतानाच कळ दाबावी. खेळाडू बराचसा स्पष्ट येतो, पार्श्वभूमी पुसली जाते आणि वेगाचा प्रत्यय येतो.

आजचे कॅमेरे सेकंदाला वीस चित्रे घेऊ शकतात. मग एवढी दक्षता कशाला, असे कोणी विचारील. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ध्यानचंद यांचे पुत्र अशोककुमार यांनी पाकिस्तानविरुद्ध मारलेला चेंडू गोलाच्या कोपऱ्यावर आदळून बाहेर आला. पंचांनी गोल दिला. पाकिस्तानच्या खेळाडूंनी हरकत घेतली. भारत २-१ असा जिंकला आणि विश्वविजेता ठरला. एवढे सारे त्या एका निमिषावर अवलंबून होते. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू वीसपैकी दोन चित्रांच्या दरम्यान जवळजवळ १.४ मीटर जातो. आणि गोलाची जमिनीलगतची खोली असते सुमारे १.२ मीटर. म्हणजे चेंडू रेषा ओलांडून मागच्या फळीवर आपटला, तरी एकाही चित्रात तो आत जाताना दिसणार नाही, असे घडू शकते.

म्हणून नवशिक्याने पहिले काही सामने कॅमेरा पिशवीतच ठेवून पाहावेत. चेंडूमागे न धावता खेळाडूचे पाय, खांदे आणि काठीची दिशा यांवर दृष्टी ठेवावी व फटका कोठे जाणार हे मनाशी सांगून पाहावे. हा अंदाज वारंवार खरा ठरू लागला, की मग कॅमेरा हाती घ्यावा.