फोनला इंग्रजी ऐकवताना
नवापूरपासून धडगावपर्यंत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि आश्रमशाळांच्या अधीक्षकांसाठी

काय करावे

• बोलून टाइप करण्याची भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ ठेवा. अमेरिकी सेटिंगवर आपले उच्चार उगाच नापास होतात.

• ऑफलाइन चालणारी भाषेची फाइल शहादा-तळोद्यातच उतरवून घ्या; तोरणमाळला पोहोचून रेंज शोधत बसू नका.

• वाक्य आधी स्वतः म्हणून दाखवा, मग मुलाला म्हणू द्या, फोन शेवटी.

• फोन तोंडापासून वीतभर लांब धरा आणि पंखा बंद करा. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर त्या दिवशी सरळ गोष्ट सांगा.

• जवळच्या उच्चारांचे शब्द जोडीने म्हणवून घ्या: शिप-शीप, कॉट-कोट.

• सुटे शब्दही तपासा. पूर्ण वाक्यात फोन मागचापुढचा अंदाज घेऊन चुकलेला शब्द बरोबर लिहितो आणि चूक झाकली जाते.

• पडद्यावर भलतेच उमटले तर तेच वाक्य तुम्ही म्हणून पाहा. तुमचेही चुकले तर मुलाला काही बोलू नका.

• अर्थ पावरीत, मावचीत, अहिराणीत, ज्याच्या-त्याच्या बोलीत समजावा. फोनकडे फक्त उच्चाराचा सराव द्या.

• अ‍ॅपवर मुलाच्या नावाने खाते उघडण्याआधी पालकांची संमती घ्या. 18 वर्षांखालील मुलांसाठी 2023 च्या विदा संरक्षण कायद्यात तशी अट आहे.

काय टाळावे

• फोनच्या निकालावर गुण देऊ नका. लहान मुलांच्या आवाजाला ही यंत्रणा मोठ्यांच्या आवाजापेक्षा जास्त चुकते.

• आदिवासी भाषांचे भाषांतर करणाऱ्या ‘आदि वाणी’ अ‍ॅपमध्ये भिली आहे म्हणून आपल्याकडची प्रत्येक बोली त्याला कळेल असे धरू नका. 2025 च्या पहिल्या आवृत्तीतली भिली मध्य प्रदेशातली आहे.

• ओरडून किंवा एकेक अक्षर तोडून बोलायला लावू नका. यंत्राला रोजच्या चालीचे बोलणे जास्त कळते.

• तीनदा चुकलेला शब्द चौथ्यांदा म्हणायला लावू नका, उद्या घ्या.

• एकेकाला वर्गासमोर फोनपुढे उभे करू नका. बुजऱ्या मुलीला वर्ग एकदा हसला की ती महिनाभर तोंड उघडत नाही.

• फोनने टाइप केलेला मजकूर मुलाचे लेखन म्हणून तपासू नका. स्पेलिंग फोनचे असते.

• मुलांची रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नका, कौतुक म्हणूनही नाही.

• गावाच्या बोलीचा हेल घालवायच्या मागे लागू नका. ऐकणाऱ्याला शब्द कळला की पुरे.

• वीज गेली किंवा बॅटरी संपली म्हणून बोलण्याचा तास बुडवू नका. मुलांना जोडीने बसवा आणि एकमेकांशी इंग्रजीत बोलू द्या.