फिश टँकमध्ये खरी झाडे लावायची तर माघ संपायच्या आत

होमस्टेच्या ओसरीवर किंवा दुकानाच्या काउंटरवर फिश टँक ठेवला असेल आणि त्यातली प्लास्टिकची झाडे काढून खरी लावायचा विचार असेल, तर हाच हंगाम. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या मोहर्लीत एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या वर जातो. त्या उन्हाळ्यात नवे रोप मूळ धरत नाही, पाने गळून तळाशी सडतात आणि माशांच्या जिवावर बेतते. आत्ता लावलेले रोप महिना-दीड महिन्यात रुजून उन्हाळ्याला तोंड देते.

महागड्या रोपाने सुरुवात करू नका. धानाच्या बांधीला पाणी देणाऱ्या आपल्याच बोडीत हायड्रिला असेल, तर तोच पहिला लावा. वीतभर शेंडे तोडून नुसते तरंगत सोडले तरी वाढतात, आणि माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया थेट शोषून घेतात. पट्टीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया मात्र रेतीत लावावी लागते. पाने जिथून फुटतात तो गड्डा रेतीच्या वर राहू द्या. गाडला की सडला. दुकानातून आणायचेच असेल तर जावा फर्न किंवा अनुबियास आणा. त्यांचे आडवे खोड दोऱ्याने दगडाला बांधायचे, पुरायचे नाही. बोअरच्या जड पाण्यातही ही चारही झाडे तगतात.

इरई जलाशयाच्या काठावरून किंवा जंगलातल्या नाल्यातून रोप वा रेती उचलू नका. वन्यजीव आणि वन कायदा दोन्ही आड येतात. घरबांधकामाची जाड रेती चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुतली की पुरते.

बोडीतल्या रोपाबरोबर गोगलगायीची अंडी आणि चतुराच्या अळ्या येतात, आणि ती अळी लहान पिल्ले खाते. म्हणून पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात रोप दहा मिनिटे बुडवून स्वच्छ धुवा. मात्र ते बोडीतून आणायला फवारणीची बादली कधीही वापरू नका. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाचा नुसता अंशही माशांना पुरतो. बादली तीनदा धुतली म्हणून ती सुरक्षित होत नाही. शेतकऱ्याच्या घरी टँकला खरा धोका हाच.

दुसरा धोका खताचा. पान पिवळे दिसले की हात युरियाकडे जातो. टँकमध्ये युरियाचा अमोनिया होतो, आणि पाणी जितके गरम तितका तो जास्त विषारी. दोन फुटी टाकीत जेमतेम 55 लिटर पाणी असते, तिथे चिमूटही जड जाते. माशांची विष्ठा हेच खत समजा.

प्लास्टिकची सगळी झाडे एकाच दिवशी काढू नका. त्यांच्यावरच्या बुळबुळीत थरात अमोनिया पचवणारे जिवाणू असतात. निम्मी आता काढा, उरलेली पंधरा दिवसांनी. फिल्टर सुरूच ठेवा. दिवा सहा ते आठ तास पुरे. खिडकीतले थेट ऊन आले की पाणी हिरवे झालेच.

रात्री झाडेही प्राणवायू घेतात. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. त्यामुळे होळीनंतर एअर पंप रात्रभर चालवा आणि टँक कूलरच्या खोलीत हलवा.

हायड्रिला फोफावला की दर आठवड्याला छाटा. बदके आवडीने खातात, उरलेला शेणखताच्या खड्ड्यात टाका. दुकानातली झाडे मात्र बोडीत, नाल्यात, इरईत जाऊ देऊ नका. जलपर्णीने रामाळा तलाव कसा व्यापून टाकला ते चंद्रपुरात सगळ्यांनी पाहिले आहे. दुकानातली झाडे कडक उन्हात पूर्ण वाळवूनच खड्ड्यात टाका.