आधी पाय मोजू देत

सातारा,
२ जून

चि. मुक्तास,


तुझ्याकडे पहिलीचा वर्ग आला हे वाचून फार आनंद झाला. किड्यामुंग्यांची ओळख कशी करून देऊ, असं तू विचारलंस. माझं सांगणं एवढंच आहे की नावं पाठ करून घ्यायची घाई करू नकोस. मुलांना पाहायला शिकव. भिंतीवर कोळी दिसला की सहा वर्षांचं मूल कोळ्याच्या आधी बाईंच्या तोंडाकडे बघतं. बाई दचकल्या, कुणाला तरी झाडू आणायला सांगितलं, की त्याचा धडा तिथेच झाला. तू शांतपणे जवळ जाऊन बघत राहिलीस, तर तेही तुझ्या शेजारी येऊन उभं राहील.

तुझी शाळा माणदेशात आहे, हे तुझं भाग्यच. मृगाचा पाऊस पडून गेला की मातीतून लालभडक, मखमली मृगाचे किडे वर येतात. थोडेच दिवस दिसतात, मग वर्षभर जमिनीखाली. सुरुवात त्यांच्यापासूनच कर. एक किडा पांढऱ्या कागदावर घे आणि मुलांना पाय मोजायला सांग. धक्का लागला की तो पाय आखडून गप्प पडून राहतो, त्यामुळे वाट पाहावी लागेल. ती पाहू देत. कुणी सहा म्हणेल, कुणी दहा. पुन्हा मोजू देत. आठ भरतील. मग शेजारी एक मुंगळा सोड. त्याचे सहा. आता सांगायची वेळ आली: सहा पायांचे ते कीटक, त्यांचं शरीर डोकं, छाती, पोट असं तीन भागांचं आणि डोक्यावर मिशांची जोडी. कोळी आणि विंचू आठ पायांचे, त्यांना मिशा नसतात, आणि मृगाचा किडा त्यांच्याच गोतातला. गोम आणि पैसा कुठल्याच गटात बसत नाहीत, हे मुलं पुढे आपणहून ठरवतील. मात्र काड्यापेटीत कोंडलेला किडा सुकून मरतो. पाहून झालं की जिथून आणला तिथेच सोडायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळ.

मुंगळ्याचं चित्र काढायला सांगितलंस की पुष्कळ मुलं पाय पोटाला जोडतील. फुली मारू नकोस. भिंग देऊन पुन्हा मुंगळा दाखव. सगळे पाय मधल्या भागातूनच निघतात, हे ज्याने स्वतः पाहिलं त्याला ते पुन्हा सांगावं लागत नाही.

पावसाळ्यात शाळेतल्या कढीपत्त्याची किंवा लिंबाची पानं उलटून बघ. लिंबाच्या फुलपाखराची अळी सापडेल. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ती एका रुंद तोंडाच्या बरणीत ठेव, वर पातळ फडकं बांध, आत एक काडी उभी कर. रोज ताजी पानं घालायची आणि लेंड्या काढायच्या, हे काम मुलांकडे पाळीपाळीने दे. साधारण महिन्याभरात सगळा प्रवास डोळ्यांसमोर होतो. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा त्याचे पंख ओले, चुरगळलेले असतात. मदत करायला मुलांचे हात शिवशिवतील. त्यांना थांबव, नाहीतर पंख कायमचे अधू होतील. आणि एखाद्या कोषातून फुलपाखराऐवजी बारीक माश्यांसारखे कीटक निघाले, तर ती बरणी लपवू नकोस. त्या कीटकांच्या आईने कोषात अंडी घातली होती आणि तिची पिल्लं आतला जीव खाऊन वाढली, हे सरळ सांग. मुलं हळहळतील, पण त्यांना हे पेलतं.

भीती घालवायची म्हणून सावधपणा घालवू नकोस. आपल्याकडे लाल विंचू आहे आणि लहान मुलांना त्याचा दंश जिवावर बेतू शकतो. दगड, सरपण, गोवऱ्यांचा ढीग यांत हात घालायचा नाही आणि चप्पल-बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, हे त्यांच्या अंगवळणी पाड. दंश झालाच तर मंत्र-उतारा करण्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरून दाखवलं आणि किती तरी जीव वाचले. ही हकिकत मोठ्या वर्गांनाही सांग. आणि त्याच विंचवाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते, हेही सांगायला विसरू नकोस. ज्याच्यापासून जपायचं त्याचा द्वेषच करायला हवा असं नाही.

चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवणारं एखादं पोर वर्गात असेलच. त्याला चारचौघांत रागावू नकोस. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात, हे त्याला डबक्याकाठी नेऊन दाखव. दोरा तो स्वतः सोडेल.

हे सगळं घरी टिकलं तरच खरं. म्हणून पहिल्या पालकसभेत आयांना आणि आज्यांना एक विनंती कर: घराच्या एखाद्या कोपऱ्यातलं एक जाळं महिनाभर झाडू नका, आणि त्यात आज काय अडकलं ते रोज पोरांना विचारा. ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो, तिथलं मूल शिकायचं थांबत नाही.

तुझी,
आत्या