बिबट्याच्या मुलखात स्वमग्न मूल वाढवताना

आमची वस्ती नारायणगावपासून जवळच, कालव्याच्या कडेला. पुढं टोमॅटो, मागं ऊस. माझं माहेर मंचरकडचं. थोरला दादू स्वमग्न आहे. आता त्याला मिसरूड फुटायला लागलंय. मोजकं बोलतो, पाण्यात रमतो, शर्टाचं लेबल टोचलं तर शर्टच काढून टाकतो. जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर अशी मुलं वाढवणाऱ्या आया मला भेटतात. शहरातल्या तज्ज्ञांचे सल्ले चांगले असतात, पण त्यात ऊस नसतो, कालवा नसतो, भावकी नसते. म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी आईवरचा आरोप उतरवा

ग्रहण पाळलं नाही, मोबाईल हातात दिला, लेकराशी बोलली नाही, असं प्रत्येक आईला ऐकावं लागतं. हा आरोप फक्त आपल्याकडचा नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची ओळख करून दिली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तिथले मोठमोठे डॉक्टरही आईच्या कोरड्या वागण्याला दोष देत राहिले. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून तो समज खोडला. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते आणि त्यात जनुकांचा मोठा वाटा असतो, हे आता पक्कं झालं आहे. लशीमुळं स्वमग्नता येते हा १९९८ च्या एका लेखातला दावाही खोटा ठरला. तो छापणाऱ्या नियतकालिकानंच २०१० साली तो लेख मागं घेतला.

हे सगळं मी सासूबाईंना सावकाश, वेगवेगळ्या दिवशी सांगितलं. त्यांनी ते भावकीत सांगितलं. माझ्या तोंडून जे कुणी ऐकलं नसतं, ते त्यांच्या तोंडून ऐकलं. घरातलं वडीलधारं माणूस आपल्या बाजूला येणं हा उपचाराचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे.

२. कागद लवकर करा

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना मूल दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालयाची वाट मिळते. तपासणीत ४० मुद्द्यांची एक भारतीय मोजपट्टी वापरतात, तिचं नाव इसा. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आली. त्यामुळं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वाचा प्रश्न येतो, त्याची चौकशी सोळाव्या वर्षीच सुरू करा. कार्ड काढलं तर पोराला शिक्का बसेल असं काही जण म्हणतात. शिक्का गावानं आधीच मारलेला असतो. कार्डानं निदान हक्क तरी मिळतो.

३. दिवस त्याला दिसू द्या

आमच्या ओट्यावरच्या भिंतीला फोटोंची एक ओळ आहे: दात घासणं, शाळा, जेवण, गोठा, कालवा, झोप. एक काम झालं की दादू तो फोटो उलटा करतो. पुढं काय होणार हे कळलं की त्याच्या अंगातला ताण उतरतो. बिबट्याच्या भीतीनं आमच्या भागात शाळांच्या वेळा बदलल्या, तेव्हा घड्याळ दाखवून त्याला काही समजलं नसतं. आम्ही आदल्या आठवड्यातच जेवणाचा आणि शाळेचा फोटो पुढंमागं केला. टोमॅटोच्या तोड्याच्या दिवशी घरात माणसं वाढतात, तर त्या दिवसासाठी क्रेटचा फोटो ठेवला आहे. खर्च शून्य. शाळेतल्या बाईंनीही आता वर्गात अशी ओळ लावली आहे आणि बाकीची मुलंही ती बघून चालतात.

४. संध्याकाळसाठी भीती नको, नियम हवा

सगळ्यात जास्त विचार मी यावर केला आहे.

स्वमग्न मुलं घरातून निघून जातात. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार वर्षांवरच्या स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांनी एकदा तरी असा प्रयत्न केल्याचं दिसलं. ती रागानं जात नाहीत, त्यांना कुठंतरी पोचायचं असतं. अनेकदा पाण्याजवळ. शहरात अशा वेळी भीती रस्त्यांची. आमच्याकडं कालवा आहे आणि ऊस आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वन विभागात येतात आणि इथला बिबट्या उसातच जन्मतो, उसातच वाढतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलं आणि एक आजी गेल्या. लोक महामार्गावर उतरले. शेतात जाणाऱ्या बायकांनी गळ्याला खिळ्यांचे पट्टे बांधले. ज्या मुलाला लेबल सहन होत नाही, त्याच्या गळ्यात तो पट्टा मी कसा बांधू?

‘बिबट्या येईल’ असं सांगून दादूला थांबवायचं नाही, असं आम्ही ठरवलं. भीती घातली की ही मुलं रात्र रात्र झोपत नाहीत, मोरीपर्यंतसुद्धा जात नाहीत, आणि एवढं होऊनही पाण्याची ओढ काही कमी होत नाही. त्याऐवजी एक खूण दिली: ओट्यावरचा दिवा लागला की सगळे उंबऱ्याच्या आत. मीही आत, आजीही आत, कुत्राही आत. नियम सगळ्यांना सारखा असला की तो त्याला पटतो.

दुसरं, पाण्याची भूक दिवसाच भागवायची. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की रोज दुपारी त्याचे बाबा त्याला हात धरून काठावर नेतात आणि मन भरेपर्यंत बसू देतात. असं बसून आला की संध्याकाळी तो दाराकडं बघतही नाही.

तिसरं, दाराची कडी वरच्या बाजूला आणि दाराला बैलाची घुंगरं. चौथं, शेजारी. वस्तीतल्या सगळ्यांच्या फोनमध्ये दादूचा फोटो आहे आणि कुणी कुठं धावायचं हे आधीच ठरलेलं आहे: दोघं थेट कालव्यावर, बाकीचे बॅटऱ्या घेऊन, मोठ्यानं बोलत, उसाच्या कडेनं. पहिली माणसं पाण्याकडंच गेली पाहिजेत. त्याला हाका मारत पाठलाग करायचा नाही, तो आणखी पळतो. शेजारून चालत हात पुढं करायचा. बिबट्या दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक, माणूस हरवलं तर ११२. दोन्ही क्रमांक दाराच्या मागं रंगवून ठेवा, कारण त्या वेळी काही आठवत नाही.

५. जत्रेला न्या, पण वेळ तुम्ही निवडा

आमचा मुलूख आवाजाचा. बैलगाडा घाट, लग्नातला डीजे, पालखीपुढचे फटाके. दादूसारख्याला तो आवाज कानात दुखतो. तो कान दाबून खाली बसतो, किंचाळतो, आणि लोक म्हणतात हट्टी आहे. हट्ट करणारं मूल मधूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडं बघतं. हे मूल कुणाकडंच बघत नाही. तेव्हा समजूत घालू नका, प्रश्न विचारू नका. गर्दी हटवा, सावलीत न्या, गप्प राहा.

पण घरात कोंडूनही ठेवू नका. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या मंदिरात श्रावणी सोमवारी कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. आम्ही भल्या पहाटे जातो, कानांवर हेडफोन लावून. त्या पिंडींपुढं दादू जितका एकाग्र उभा राहतो, तितकं मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. देवळातले लोक आता त्याला ओळखतात.

६. बाजाराचा ताण जेवणाच्या ताटापर्यंत येऊ देऊ नका

नारायणगावच्या बाजारात २०२३ च्या जुलैत टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला. इतर वर्षी तोडणीची मजुरी निघत नाही म्हणून तोच माल रस्त्याकडेला ओतलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यात शेतीची वीज रात्रीची असली की नवरा बॅटरी घेऊन पाणी धरायला जातो आणि घरात बाईचा डोळा लागत नाही. अशा घरात आवाज चढतात. दादूला शब्द कळत नाहीत असं लोकांना वाटतं, पण आवाजाची पट्टी त्याला सगळ्यात आधी कळते.

आम्ही दोघांनी ठरवून घेतलं: मालाच्या विक्रीची पट्टी आली की हिशेब गोठ्यात, मुलं झोपल्यावर. आणि आठवड्यातली एक रात्र दादू आजीजवळ. त्या रात्री मी पूर्ण झोपते. ही चैन नव्हे. झोप न मिळालेली आई दुसऱ्या दिवशी कडी लावायला विसरते. मन फारच खचलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. पुरुषांनीही लावावा. आमच्याकडच्या पुरुषांनी तर नक्कीच.

७. धाकट्याला राखणदार करू नका

भावाकडं लक्ष ठेव, हे वाक्य आमच्या धाकट्या लेकीच्या वाट्याला दिवसातून एकदाच यावं. तिचं गॅदरिंग, तिचा खो-खो, तिच्या मैत्रिणी यांच्यासाठी आमच्यापैकी एक जण एकटं तिच्याबरोबर जातं.

८. ग्रामसभेत उभं राहा

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याचदा ते वर्षाच्या शेवटी काहीतरी वस्तू वाटून संपवले जातात. त्यातून कालव्याच्या वळणावर जाळी होऊ शकते, वस्तीच्या रस्त्यावर दिवा होऊ शकतो, शाळेला हेडफोन मिळू शकतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर: यांपैकी जी ग्रामसभा पुढं येईल तिला जा, घरात असं मूल नसलं तरी जा, आणि त्या ५ टक्क्यांचं काय झालं हे विचारून उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.