सहाणेच्या चाकाची निवड व उपयोग

विळे, कोयते व कुऱ्हाडी यांना घरीच धार लावता यावी म्हणून पुष्कळ शेतकरी हाताने फिरवावयाचे सहाणेचे चाक विकत घेतात. ते घेताना किमतीच्या आधी चाक अभंग आहे की नाही, हे पाहावे. कोरडे चाक भोकात बोट घालून लोंबते धरावे व लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. स्वच्छ नाद निघाल्यास चाक चांगले. बद्द आवाज आल्यास ते चिरलेले समजून घेऊ नये. असे चाक वेगात फुटून तुकडे तोंडावर येतात.

चाक बसविल्यावर प्रथम एक मिनिट मोकळे फिरवावे व तेव्हा बाजूस उभे राहावे. हत्यार टेकण्याची पट्टी चाकापासून सुमारे ३ मिलिमीटरहून दूर नसावी. नाहीतर पाते फटीत ओढले जाते.

धार चाकाच्या कडेवरच लावावी, सपाट बाजूवर नव्हे. डोळ्यांस चष्मा असावा. पाते दाबू नये. वरचेवर पाण्यात बुडवावे. पोलाद निळे पडले की त्याचे पाणी उतरले. घाईमुळे माझ्या कोयत्याचे असेच झाले, आणि ऊस तोडताना पहिल्याच दिवशी त्याची धार वळली. ती निळी कड झिजवून काढण्यात अर्धा बोट पाते गेले.