शेती करणाऱ्या मुंग्या

मुंगी साखर नेते, दाणा नेते, हे आपण रोज बघतो. पण शेती करणारी मुंगी तुम्ही पाहिली आहे काय? ती आपल्या मुलखात नाही. ती अमेरिका खंडातल्या उष्ण जंगलांत राहते. आपण तिला पानकापी मुंगी म्हणू.

या मुंग्या झाडावर चढतात, जबड्यांनी पानांचे तुकडे कापतात आणि डोक्यावर धरून रांगेने बिळाकडे नेतात. लांबून वाटावे, छत्र्या घेऊन दिंडीच निघाली! संत्र्याचे झाड त्या एका दिवसात बोडके करतात. तिकडचे शेतकरी त्यांच्या नावाने बोटे मोडतात, ते उगीच नव्हे.

मग ही पाने त्या खातात का? पूर्वी लोकांना तसेच वाटे. कोणी म्हणत, बिळावर छप्पर घालतात. निकाराग्वा देशात सोन्याच्या खाणीवर थॉमस बेल्ट नावाचे इंग्रज इंजिनिअर होते. त्यांनी बिळे खणून पाहिली आणि १८७४ साली लिहिले, की मुंग्या पानांवर बुरशी पिकवतात व ती खातात. ते खरे ठरले.

रीत बघा. पान चावून त्याचा लगदा करायचा. त्यावर आपल्या विष्ठेचा थेंब टाकायचा. मग जुन्या बुरशीचे पुंजके त्यावर लावायचे. आता कुणी म्हणेल, विष्ठा म्हणजे खत. खरे, पण तेवढेच नाही. खाल्लेल्या बुरशीचा पाचक रस मुंगीच्या पोटातून तसाच बाहेर येतो आणि नव्या पानाला लागतो. त्याने पान लवकर विरघळते. पानाचा चिवट भाग मुंगीला पचत नाही, बुरशीला पचतो. मग बुरशीच्या टोकांना बारीक फुगीर गाठी धरतात. त्यांत साखर व स्निग्धांश असतो. मोठ्या मुंग्या पानांचा रसही पितात, पण पिल्लांचे पोट या गाठींवरच.

आपल्याकडची वाळवीही बुरशी लावते बरे का! पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते आणि कोकणात, गोव्यात लोक ती आवडीने खातात. ती वाळवीच्याच शेतातली.

या शेतातही तण माजते. दुसरी एक बुरशी शिरते. मुंग्या ती उपटून बाहेर टाकतात. एखादे पान बुरशीला बाधले, तर ते पान आणणेच त्या बंद करतात.

ही बुरशी बिळाबाहेर रानात आपली आपण वाढताना आढळत नाही. बुरशी गेली तर मुंग्याही उपाशी मरतात. म्हणून नवी राणी घर सोडते, तेव्हा तोंडात चिमूटभर बुरशी नेते, विरजण न्यावे तशी. एकटीच बीळ खणते. पाने आणायला कोणी नाही. आपल्याच विष्ठेवर ती बुरशी जगवते. भूक लागली की आपली बरीचशी अंडी खाते, पण बियाण्याला तोंड लावीत नाही. बहुतेक राण्या यातच मरतात. जी तगते, तिच्या पहिल्या लेकी दीड-दोन महिन्यांनी बिळाचे तोंड उघडतात आणि पाने कापायला निघतात.