नावं नंतर विचारू या

फाल्गुनातला रविवार. सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीच्या पायथ्याशी जमायचं होतं. पुण्यातल्या आमच्या भागातल्या निसर्ग मंडळाचा वसंतातला पहिला कार्यक्रम. लेक तिसरीत, वार्षिक परीक्षा तोंडावर, घरात कपड्यांचा ढीग, आणि मला आठवड्यात निवांत झोपायला मिळते ती हीच एक सकाळ. खरं सांगू? चालताना माझ्या मनात एकच हिशेब होता. एवढी झोप मोडलीय, तर निदान हिला दहा पक्ष्यांची नावं तरी यावीत!

हसू नका, आपण सगळेच असे आहोत. मुलाला पोहायला घातलं की महिन्याभरात विचारतो, "स्पर्धा कधी असतात?" चित्रकलेला घातलं की, "परीक्षा कुठली देता येते?" हेतू वाईट नसतो. पण वेळ आणि पैसा दोन्ही मोजून खर्च करताना हातात काहीतरी पडावं असं वाटतंच.

मंडळाचा बेत अगदी साधा होता. एक काटेसावर हेरून ठेवलेली. अंगावर पान नाही, नुसती लाल फुलं. मुलांनी तिच्याखाली अर्धा तास गप्प बसायचं आणि कोण कोण येतं ते बघायचं. बुलबुल आले, साळुंक्या आल्या, मग भोरड्यांचा एक थवा कलकलाट करत उतरला. मंडळातली ताई हळू आवाजात सांगत होती, हे हिवाळी पाहुणे. थोड्या दिवसांत मध्य आशियाच्या बाजूला परत निघतील, त्यांची घरटी तिकडे.

सगळी मुलं माना वर करून बसली होती. आमची मात्र मान खाली! गळून पडलेलं एक फूल मांडीवर घेऊन त्यात डोकावत होती.

"अगं, वर बघ ना," मी कुजबुजले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कोपरानं ढोसलंच. ताई म्हणाली, "राहू दे हो, ती बघतेच आहे."

परतताना रिक्षात मी तोंडी परीक्षा घेतली. किती पक्षी पाहिलेस? कुठले कुठले? ती बाहेर बघत राहिली. मीही मनात म्हटलं, गेला रविवार फुकट.

संध्याकाळी पोळ्या लाटत होते. ही बाहेर आजीशी फोनवर बोलत होती. "आजी, सावरीचं फूल जाड असतं, चपलेच्या पट्ट्यासारखं. आत गोड पाणी असतं. एक मुंगी आत पडलेली, तिचे पाय घसरत होते. मी काडी लावली. मग ती वर आली आणि तिनं आधी मिशा पुसल्या!" दहा मिनिटं हेच चाललं होतं. तव्यावरची पोळी करपली तरी मी ऐकत उभी.

मला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. सांगणार कशी? मी नावं विचारली होती.

नावांवरून आठवलं, पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या लहानपणीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. साल 1908. खेळण्यातल्या बंदुकीनं त्यांनी एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कुठली? त्यांना वाढवणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी शिकारीतले जाणकार, पण त्यांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला, ती रानचिमणी होती. वर खणामागून खण उघडून पेंढा भरलेले पक्षी त्या पोराला दाखवले. मला या गोष्टीतले मामा फार आवडतात. येत नाही ते त्यांनी दडपून सांगितलं नाही, की "अभ्यास कर" म्हणून विषयही संपवला नाही.

आपल्याला नेमकी हीच भीती असते, नाही का? पोरानं विचारलं आणि आपल्याला आलं नाही तर? माझं तसं झालंच. पहाटे कुहूकुहू ऐकू आलं, तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "बघ, कोकिळा गातेय." पुढच्या रविवारी कळलं, गातो तो नर, काळाकुळकुळीत कोकिळ. मादी ठिपक्याठिपक्यांची, ती नुसती किक्-किक् करते आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. "आईला माहीत नव्हतं!" हे लेकीनं घरभर सांगितलं. इतकी खूश ती पहिल्या नंबरानंही झाली नसती. त्या दिवसापासून ती मला शिकवते आणि मी शिकते.

तुमच्या जवळपास असं एखादं मंडळ असेल तर या दिवसांत जाऊन बघा. महागडी दुर्बीण लगेच घेऊ नका. आमच्याकडे एकच असते, ती हातोहात फिरते. मळखाऊ कपडे, बूट, टोपी, पाणी, एवढं पुरे. सापाची, मधमाश्यांची धास्ती मलाही होती. मळलेली वाट सोडायची नाही, पोळ्याच्या आणि घरट्याच्या जवळ जायचं नाही, हे मुलं आपल्यापेक्षा नीट पाळतात. आणि फोन खिशात राहू द्या. हे मला अजून नीट जमलेलं नाही.

रविवार मोकळा नसेल तर गॅलरीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि रोज बदला. चैत्राच्या उन्हात कोणी ना कोणी येतंच. मूल बघत असेल तेव्हा पाच मिनिटं शेजारी नुसतं बसा. प्रश्न त्याला विचारू द्या.

आमचं मंडळ वैशाखापर्यंत त्याच सावरीकडे जात राहिलं. चैत्रात हिरवी बोंडं धरली. एके रविवारी मी लोळत पडले होते, तर हीच मला हलवून उठवायला लागली. "आई, चल ना, बोंडं फुटली असतील."

फुटली होती. वाऱ्यावर कापूस तरंगत होता. तिनं एक पुंजका झेलला, मधली काळी बी चिमटीत धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मी जवळच बसले होते. एक प्रश्न ओठावर आला होता, तो गिळला. थोड्या वेळानं तिनंच माझा तळहात उघडला आणि ती बी त्यावर ठेवली.